संगणकाची हत्यारपेटी : चोरीची, फुकटची की मुक्त?



सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात एक पत्र्याची पेटी असते. तीत पाने, पक्कड, पेचकस, पंक्चरचे ठिगळ आणि सोल्यूशनची नळी असते. यांतली एकही वस्तू सायकलचा भाग नव्हे; पण या पेटीवाचून सायकल फार दिवस चालत नाही. संगणकाचेही तसेच आहे. फाइल दाबून लहान करणारे, पुसलेली फाइल शोधणारे, आवाज नोंदवणारे, चित्रफीत दाखवणारे असे अनेक छोटे प्रोग्राम संगणकाला लागतात. त्यांना 'युटिलिटी' म्हणतात. आपण त्यांना संगणकाची हत्यारे म्हणू.

ही हत्यारे आणायची कोठून, या प्रश्नावर आज मला लिहायचे आहे. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करायची आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतील संगणकावर मी एक महागडा प्रोग्राम 'क्रॅक' लावून बसवला. क्रॅक म्हणजे कुलूप तोडून चोरलेली प्रत. त्यासोबतच्या सूचनेत पहिलेच वाक्य होते : आधी अँटिव्हायरस बंद करा. चोराने सांगावे, 'मी येण्यापूर्वी कुत्रा बांधून ठेवा', आणि आपण तो बांधावा, असा हा प्रकार. मी बांधला. त्या संगणकावर विषाणू शिरला आणि तेथून तो विद्यार्थ्यांच्या पेन ड्राइव्हवर पसरला.

एका विद्यार्थिनीने आपल्या गावातील विहिरींची पाण्याची पातळी सलग तीन महिने मोजली होती. तिला पेन ड्राइव्हवर नोंदींऐवजी नुसते शॉर्टकट दिसू लागले. घाबरून ती एका दुकानात गेली. दुकानदाराने पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून दिला आणि तिने त्यावर दुसऱ्या फाइली भरल्या. मग रडवेली होऊन ती माझ्याकडे आली.

पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी पाने जागेवर असतात; फक्त कोणते प्रकरण कोठे आहे ते कळत नाही. साध्या फॉरमॅटमध्ये असेच घडते. मात्र त्या पानांवर नवे लिहिले, की जुना मजकूर कायमचा जातो. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेले 'फोटोरेक' नावाचे एक हत्यार आहे. ते अनुक्रमणिकेकडे पाहतच नाही. एकेक पान चाळते आणि फाइलीच्या आरंभीच्या ठरावीक खुणेवरून फाइल ओळखते. त्यामुळे फाइली मिळतात, पण त्यांची मूळ नावे मिळत नाहीत. आम्ही रात्री उशिरापर्यंत बसून दोन महिन्यांच्या नोंदी परत मिळवल्या. तिसऱ्या महिन्याच्या नोंदींवर नव्या फाइली बसल्या होत्या. त्या गेल्या त्या गेल्याच. विहिरीची गेल्या जुलैतील पातळी पुन्हा मोजता येत नाही.

दोन गोष्टी ध्यानात घ्या. नुकसान केले ते चोरीच्या हत्याराने, आणि भरून काढता आले तेवढे काढले ते एक पैसाही न घेणाऱ्या हत्याराने. चोरीखेरीज गत्यंतर नाही, ही माझी समजूत त्या रात्री गळून पडली.

आता फुकट आणि मुक्त यांतला फरक पाहू. रस्त्यावर मोफत सरबत मिळाले, तर ते फुकट. पण आईने सरबताची कृती लिहून दिली, ती पाहून तुम्ही साखर कमी केली आणि तीच कृती शेजाऱ्यांनाही दिली, तर ते मुक्त. फुकट प्रोग्रामचा मालक आत काय आहे ते दाखवत नाही. उद्या तो पैसे मागू शकतो किंवा जाहिराती दाखवू शकतो. मुक्त प्रोग्रामची मूळ संकेतावली सर्वांपुढे उघडी असते. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि पुढे या विचाराचे चार हक्क मांडले : प्रोग्राम वापरणे, अभ्यासणे, बदलणे आणि वाटणे.

माझे मत असे, की विज्ञानाच्या विद्यार्थ्याने शक्य तेथे मुक्त हत्यारच निवडावे. पैसे वाचतात ते आहेच; पण विज्ञानाची रीतही हीच आहे. न्यूटनचा नियम कोणी पेटीत कुलूपबंद करून दिला नाही. तो सर्वांना वापरता येतो, तपासता येतो, आणि तो कोठे अपुरा पडतो हेही दाखवता येते.

तीन हत्यारे नमुन्यादाखल घेऊ. तिन्ही मुक्त आहेत आणि साध्या संगणकावर चालतात.

पहिले 'सेव्हन-झिप'. इगोर पावलोव्ह यांनी ते १९९९ मध्ये प्रथम दिले. ते फाइली दाबून लहान करते. कसे? इस्राएलमधील लेम्पेल व झिव्ह या दोन शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये एक युक्ती मांडली : जे आधी येऊन गेले ते पुन्हा लिहू नका, 'इतकी अक्षरे मागे जा व इतकी उचला' एवढेच लिहा. मराठी मजकुरावर ही युक्ती विशेष चालते. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. त्यांपैकी पहिला बाइट नेहमी एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. म्हणजे पुनरावृत्ती मुबलक. एखादा मोठा मराठी निबंध साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवून दाबून पाहा. मग कॅमेऱ्यातील एक छायाचित्र दाबून पाहा. छायाचित्र जवळजवळ लहान होणारच नाही. का बरे? ते आधीच दाबलेले असते. पिळून वाळवलेले कापड पुन्हा पिळले, तर पाणी कोठून येणार?

दुसरे 'ऑडासिटी'. हे ध्वनी नोंदवते. याची सुरुवात १९९९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात झाली. मी तर त्याला प्रयोगशाळेतील घड्याळ समजतो. एक चेंडू एक मीटर उंचीवरून फरशीवर सोडा आणि आवाज नोंदवा. पडद्यावर प्रत्येक टप्प्याचा उंचवटा दिसेल. समजा, पहिल्या व दुसऱ्या टप्प्यात ०.७२ सेकंदांचे अंतर आले. त्यातला अर्धा वेळ, म्हणजे ०.३६ सेकंद, चेंडू खाली येत होता. उंची = ½ × ९.८ × (०.३६)² = सुमारे ०.६४ मीटर. पट्टी न लावता चेंडूची उसळी मोजली गेली! हाताने स्टॉपवॉच दाबताना सेकंदाचा एकपंचमांश भाग सहज चुकतो. संगणक मात्र ध्वनीचे सेकंदाला साधारण ४४,१०० नमुने घेतो.

तिसरे 'स्टेलॅरियम'. हे आकाश दाखवते. फाबिएन शेरो या फ्रेंच प्रोग्रामरने ते सुरू केले. त्यात आपले ठिकाण म्हणून छत्रपती संभाजीनगर निवडा. ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर दिसेल, कारण आपल्या शहराचा अक्षांश सुमारे १९.९ अंश उत्तर आहे. मग कोनमापकाला ओळंबा बांधून गच्चीवर जा आणि खरा ध्रुवतारा मोजा. पडद्यावरच्या आकाशावर आंधळा विश्वास ठेवू नका, ताडून पाहा.

आता आक्षेपांकडे वळू. पालक व शिक्षक विचारतात, "नोकरीच्या जाहिरातीत तर अमुक कंपनीचाच प्रोग्राम मागतात. मग मुलांना हे का शिकवायचे?" आक्षेप खोटा नाही. पण ज्याला तक्ता का आखायचा आणि सूत्र कसे घालायचे हे लिबरऑफिसमध्ये नीट कळले, त्याला दुसऱ्या प्रोग्राममधील बटणांच्या जागा शिकायला फार दिवस लागत नाहीत. सायकल शिकलेल्याला दुसऱ्या कंपनीची सायकल अडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : "संकेतावली सर्वांसाठी उघडी, म्हणजे त्यात कोणीही विष कालवू शकेल." असे घडलेही आहे. 'एक्सझेड' हे फाइली दाबण्याचेच एक मुक्त हत्यार. एका व्यक्तीने दोनेक वर्षे मदत करून विश्वास मिळवला आणि त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की आपल्या संगणकावर दुरून प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. दुसरा कोणी म्हणाला असता, 'लागू दे'. त्यांनी कारण शोधले आणि चोरदरवाजा सर्वदूर पसरण्याआधी उघडकीस आला. पेटी उघडी होती म्हणून चोर शिरला हे खरे. पण उघडी होती म्हणूनच परक्या माणसाला आत डोकावून चोर पकडता आला. यात विज्ञानाच्या विद्यार्थ्याने घ्यायचा धडा त्या अर्ध्या सेकंदाचा आहे. न जुळणारी लहानशी नोंद खोडू नका.

म्हणून हत्यार घेताना काही पथ्ये पाळा. प्रोग्राम त्याच्या मूळ स्थळावरूनच उतरवा. शोध घेतल्यावर सर्वांत वर जाहिरात म्हणून येणारे स्थळ खरे असेलच असे नाही. बसवताना न वाचता 'पुढे, पुढे' दाबू नका. आणि ठसा ताडून पाहा. 'शा-२५६' नावाची एक गणिती कृती आहे. ती कोणत्याही फाइलीतून ६४ चिन्हांचा ठसा काढते. फाइलीतील एक अक्षर बदलले, तरी ठसा पार बदलतो. अनेक प्रकल्प आपल्या स्थळावर हा ठसा छापतात. आपल्या फाइलीचा ठसा सेव्हन-झिपनेही काढता येतो. दोन्ही जुळले, तर वाटेत भेसळ झालेली नाही. मात्र एक्सझेडसारखी उगमातच झालेली भेसळ यातून कळत नाही. ठसा दूध वाटेत बदलले नाही एवढेच सांगतो, गोठ्यात काय झाले ते नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, आपल्या कामाची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवा. यासाठी कोणतेच हत्यार लागत नाही, फक्त सवय लागते.

शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. शाळेतील अनेक जुन्या संगणकांवर पुढची आवृत्ती चालत नाही. ते भंगारात देण्यापूर्वी त्यांवर लिनक्स बसवून पाहावे. केरळने आपल्या सरकारी शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणून दाखवले आहे. मुंबईच्या आयआयटीतील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात अशा अनेक हत्यारांचे धडे मराठी निवेदनासह मोफत मिळतात. इंग्रजीची भीती हे निमित्त आता पुरेसे नाही. आणि क्रॅक लावून देणारा शिक्षक मुलांना संगणक शिकवत नाही, चोरी शिकवतो. हे मी स्वतःला उद्देशूनच लिहितो आहे.

शेवटी, मित्रांनो, मुक्त म्हणजे परतफेड नाही असे समजू नका. ही हत्यारे कोणीतरी रात्री जागून लिहिलेली असतात. त्यांचे ऋण पैशानेच फेडावे लागते असे नाही. दोष आढळला तर नीट वर्णन करून कळवा. पडद्यावरचा इंग्रजी मजकूर मराठीत आणायला हात लावा. त्यासाठी प्रोग्रामिंग नव्हे, चांगले मराठी लागते, आणि ते तुमच्याकडे आहे. आणि वर्गातील एखाद्या मैत्रिणीच्या नोंदी हरवल्या, तर तिला दुकानात धाडण्यापूर्वी सांगा : पेन ड्राइव्हवर नवे काहीही लिहू नकोस, आधी माझ्याबरोबर चल.