कमरेला पिस्तूल, हातात डबा

भाईंदरच्या माणसाला पिस्तूल हवे कशाला, असे आमच्या सोसायटीच्या खजिनदारांना विचारले की ते डोळे मोठे करतात. "अहो, काळ काय आलाय! स्वसंरक्षण नको?" हवे ना! पण कोणी कोणाचे रक्षण करायचे, एवढे आधी ठरू द्या.

खजिनदारांचे मन 'निर्भीक'वर बसले आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली खास बायकांसाठी म्हणून काढलेले हे रिव्हॉल्व्हर. वजन अर्धा किलो, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. मी पडलो बँकेतला कारकून. जमाखर्च मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. परवाना द्यायचा पोलीस आयुक्तांनी. मीरा-भाईंदर आणि वसई-विरारला २०२० पासून स्वतःचे आयुक्तालय आहे, तेव्हा ठाण्याची फेरी वाचली, हे जमेला धरा. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षे झाली, हेही जमेला. खर्चाच्या बाजूला मात्र पान पुरत नाही. निवडणूक आली की बहुधा हत्यार ठाण्यात जमा करायचे. म्हणजे गल्लीत सगळ्यात जास्त हाणामारीचे दिवस, आणि आपण निःशस्त्र!

बरे, २०१६ च्या नियमांप्रमाणे ते उघडे मिरवायचे नाही. म्यानात, पूर्ण झाकून, आपल्या ताब्यात ठेवून न्यायचे. विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये स्वतःचे हातसुद्धा आपल्या ताब्यात नसतात, तिथे कमरेचे म्यान कुठले राहायला! पाकीट गेले तर पैसे जातात. पिस्तूल गेले तर पाठोपाठ झोपही जाते.

घरी कुलपात ठेवावे, तर चोराला "जरा बसा, किल्ली शोधतो" म्हणावे लागणार. कुलपाबाहेर ठेवावे, तर घरात पोरेबाळे. आणि मोठे तरी काय दिवे लावतात? १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे जुहूला खुद्द आपल्या विरारच्या गोविंदाच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली, ती त्याच्याच पायात. खलनायक जवळपाससुद्धा नव्हता.

तो वाचला म्हणून हसायचे. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला, आपल्या शेजारी दहिसर-बोरिवलीकडे, माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर गोळ्या लागून गेले. पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे होते आणि परवान्याचे होते, असे पोलिसांनी सांगितले. राखणीसाठी घेतलेले हत्यार कोणाच्या हाती लागेल आणि कोणावर रोखले जाईल, हे परवान्यावर छापलेले नसते.

कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क पिस्तूल नसणाऱ्यालाही आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क मात्र पिस्तूलवाल्यालाही नाही. मग सव्वा लाख घालून मिळवले काय?

चोराला सगळ्यात आधी लागतो तो अंधार, आणि तो आम्ही त्याला फुकट पुरवतो. जिन्यातला दिवा गेल्या दिवाळीपासून बंद आहे. शंभर रुपयांच्या बल्बचा अर्ज खजिनदारांच्या टेबलावर पडून आहे. रात्रीच्या वॉचमनचा ठराव 'पैसे नाहीत' म्हणून त्यांनीच दोनदा फेटाळला. अहो खजिनदार, आधी तो बल्ब लावा. उजेडात चोर दिसला, तर ओरडायला परवाना लागत नाही!