एकट्या बापांनो, लेकरांच्या नावाने मागा

बायको वारली किंवा घर सोडून गेली की पुरुषाला पहिला सल्ला मिळतो तो दुसऱ्या लग्नाचा. तो ऐकत नाही असं दिसलं की म्हणतात, "पोरं आजोळी ठेव आणि कामाला लाग." तहसीलला जा, बालविकासच्या ऑफिसात जा, लेकरांच्या हक्काचं काय आहे ते विचार, असं मात्र फारसं कोणी सांगत नाही. ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

हातावर पोट असलेल्या घरात बाई गेली की दुःखाबरोबर कमाईही जाते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता ठरतो आणि उचलही त्याच हिशोबाने मिळते. शहरात ती चार घरची धुणीभांडी करत असेल, तर खोलीचं भाडं त्यातूनच जात असे. ती कमावत नसली, तरी तिच्यामुळेच नवऱ्याला दिवसभर बाहेर राहता येत होतं. आता पोराला ताप आला की एक खाडा, शाळेची सभा असली की दुसरा.

बरेच बाप एवढ्यावरच अडतात, की "योजना सगळ्या बायांसाठी असतात." हे अर्धं खरं आहे. 'लाडकी बहीण'चे दरमहा १,५०० रुपये बाई नसलेल्या घरात येत नाहीत. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला जागा आहे, नुसत्या विधुराला नाही. ज्या बायांना हे पैसे मिळतात त्यांना ते मिळायलाच हवेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण उरलेलं अर्धं लक्षात घ्या: मुलांसाठीच्या बऱ्याच योजनांत आई गेली की बाप गेला, यावर मदत अडत नाही. म्हणून खिडकीवर "मला काही मिळेल का?" असं विचारू नका. "माझ्या मुलांना आई नाही, त्यांना काय मिळतं?" असं विचारा. लेकरांच्या नावाने मागण्यात बाप्या माणसाला कमीपणा नाही.

आधी कागद

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. उशीर झाला असला तरी करून घ्या आणि दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा, त्या सगळीकडे लागतात.

मग रेशनकार्ड. अन्नसुरक्षा कायद्यानुसार १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख असते. घरात अशी बाई उरली नसेल तर मोठा पुरुष कुटुंबप्रमुख होतो. मुलगी १८ वर्षांची झाली की तो मान तिच्याकडे जातो. तेव्हा पत्नीचं नाव कमी करताना कुटुंबप्रमुख बदलण्याचा अर्जही त्याच वेळी द्या. "नाव कमी केलं तर कार्डच बंद होईल" या भीतीने कोणी थांबू नये. आणि मुलांची नावं कार्डावर आहेत ना, हेही बघा. बरीच मुलं तिथे नसतात.

तिसरा कागद तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. चौथं म्हणजे मुलाचं आधारशी जोडलेलं बँक खातं. एवढं हातात असलं की पुढचे हेलपाटे निम्मे होतात.

दरमहाचा आधार

महाराष्ट्रात महिला व बालविकास विभागाची बालसंगोपन योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं आहे. आई-वडिलांपैकी एक जण नाही, दोघं विभक्त झाले आहेत, एकाने मुलांना सोडलं आहे, कोणी दुर्धर आजारी आहे किंवा तुरुंगात आहे, अशा घरातल्या १८ वर्षांखालच्या मुलांसाठी ती आहे. २०२३ पासून एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा. तुमचं आणि मुलाचं आधारकार्ड, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, पासबुक आणि घरासमोर मुलांसोबत काढलेला फोटो जोडा. त्यानंतर घरी येऊन चौकशी होते आणि निर्णय बालकल्याण समिती देते. चौकशीला कोणी आलं तर घाबरू नका. "मूल काढून नेतील" असं गावात कोणीतरी म्हणतंच. मूल बापाच्या घरीच वाढावं, एवढ्यासाठीच तर ही योजना आहे.

दुसरी योजना केंद्राची, मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व. तिच्यात मुलामागे महिन्याला ४,००० रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपयांच्या आत असावं लागतं. इथे जरा सावध राहा. पात्रतेच्या यादीत पहिली ओळ आईबद्दल आहे: विधवा, घटस्फोटित किंवा घरच्यांनी टाकलेली. ती वाचून खिडकीवरचा माणूस तुम्हाला परत पाठवू शकतो. पण त्याच यादीत पुढे जीवघेण्या आजाराने ग्रासलेले पालक आहेत, आणि पैशाने व शरीराने मुलांना सांभाळू न शकणारे पालकही आहेत. तुम्ही आजारी किंवा अपंग असाल, तर वैद्यकीय कागद जोडून त्या ओळीखाली अर्ज करा. या दोन योजनांपैकी एका मुलाला एकच मिळते. कोणती बसते, ते बाल संरक्षण कक्षातच विचारा.

अपंग किंवा गंभीर आजारी बापाने संजय गांधी योजनेचा अर्जही तहसीलमध्ये द्यावा. तिथे तो विधुर म्हणून नव्हे, अपंग किंवा आजारी म्हणून पात्र ठरू शकतो.

बायको मेलेली नाही, निघून गेली आहे, अशा घरांची अडचण वेगळी. मृत्यूचा दाखला नाही आणि घटस्फोटाचा कागदही नाही. अशा वेळी ती बेपत्ता असेल तर पोलिसांतली नोंद, नाहीतर सरपंच किंवा नगरसेवकाचं पत्र आणि स्वतःचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. घरी येणाऱ्या चौकशीत शेजाऱ्यांना खरं ते सांगू द्या. मुलांच्या ताब्यावरून वाद असेल तर वकिलाला पैसे देण्याआधी १५१०० या क्रमांकावर फोन करा. तो विधी सेवा प्राधिकरणाचा आहे. कमी उत्पन्नाच्या माणसाला आणि मुलांना तिथून फुकट वकील मिळू शकतो.

तिच्या नावावर काय होतं?

हे बाप सहसा बघतच नाहीत, आणि पैसे इथेच राहून जातात.

राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घरातली १८ ते ५९ वयाची कर्ती व्यक्ती वारली तर २०,००० रुपये एकरकमी मिळतात. "कर्ता पुरुष तर तुम्हीच, आणि तुम्ही जिवंत आहात," असं ऐकून अनेक जण परत येतात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत मात्र स्पष्ट लिहिलं आहे, की घर सांभाळणारी गृहिणीही या योजनेपुरती कर्ती धरायची. परत पाठवलं तर ही ओळ दाखवा आणि नकार लेखी मागा.

मग तिचं पासबुक काढा. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो जीवनज्योती विमा, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाखांचा. २० रुपये कापलेले दिसले तर तो सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाखांचा. दावा त्याच बँकेत करायचा, आणि लवकर करायचा. ती कंपनीत होती आणि पगारातून पीएफ कापला जात होता, तर जमा रकमेबरोबर विधुर पतीला पेन्शन आणि दोन मुलांना २५ वर्षांपर्यंत वेगळी पेन्शन असते. पीएफला जोडलेल्या विम्याचंही विचारा.

तिने बचत गटाकडून किंवा फायनान्सवाल्यांकडून कर्ज घेतलं असेल, तर वसुलीवाला दारात आला म्हणून लगेच हप्ता भरू नका. अशा बऱ्याच कर्जांवर कर्जदाराचा विमा काढलेला असतो. कागद मागा, वाचून घ्या, मग बोला.

ती नोंदणीकृत बांधकाम कामगार असेल, तर कल्याणकारी मंडळाच्या नियमात 'विधुर पती' हे शब्द स्वच्छ लिहिलेले आहेत: ५ वर्षं, दरवर्षी २४,००० रुपये. तुम्ही स्वतः बांधकामावर असाल आणि वर्षात ९० दिवस काम केलं असेल, तर तुमची नोंदणी करा आणि दरवर्षी तिचं नूतनीकरण करा. मुलांच्या शिक्षणाला पहिली ते सातवी वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावी ५,००० रुपये मिळतात. उद्या तुम्हाला काही झालं, तर लेकरांसाठी हीच नोंदणी कामाला येईल.

डोक्यावर छप्पर

"घरकुल बाईच्या नावावरच होतं" हाही अर्धाच खरा नियम. पंतप्रधान आवास योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे करण्यावर भर आहे. पण शहरी योजनेच्या नियमात घरात सज्ञान बाई नसेल तर पुरुषाच्या नावे घर देता येतं, आणि ग्रामीण योजनेत विभक्त किंवा एकट्या व्यक्तीला दोघांच्या नावाची अट लागू नाही. अट मुख्यतः एकच, देशात कुठेही तुमच्या नावावर पक्कं घर नको. गावात घर बांधायला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने मिळतात. रोजगार हमीची मजुरी आणि शौचालयाचे १२,००० वेगळे. शहरात स्वतःच्या जागेवर बांधायचं असेल, तर केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख मिळतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना रमाई, आदिवासींना शबरी, ओबीसींना मोदी आवास, भटक्या-विमुक्तांना यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा राज्याच्या योजनाही आहेत. जागाच नसेल, तर ती विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून १ लाखापर्यंत मदत आहे. नाव यादीत आहे का ते ग्रामपंचायतीत बघा, आणि ज्या ग्रामसभेत यादी वाचली जाईल त्या दिवशी काम बुडलं तरी हजर राहा. यादीत किंवा झोपडीच्या कागदावर पत्नीचं नाव असेल, तर वारस नोंद आधी करून घ्या. सर्व्हेवाला आल्यावर धावाधाव करून उपयोग नसतो.

म्हाडाच्या सोडतीत मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला ६ लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब अत्यल्प गटात येतं. अर्ज जरूर भरा. पण नंबर लागला तरी घर फुकट नसतं, कर्ज काढावं लागतं. "पैसे द्या, नंबर लावून देतो" म्हणणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

तोवर बहुतेकांना भाड्यानेच राहायचं आहे. "घरात बाईमाणूस नाही" म्हणून खोली नाकारतात. मुलांच्या शाळेचा कागद आणि आधीच्या घरमालकाचं किंवा मुकादमाचं चिठ्ठीवजा पत्र सोबत न्या, त्याने फरक पडतो. भाडेकरार ११ महिन्यांचा आणि नोंदणीकृतच करा. भाडे नियंत्रण कायद्याने नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. हाच करार आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांवरच्या प्रवेशात पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. १ लाखाच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घराला तो प्रवेश मोठा आधार आहे.

कामाच्या वेळात मूल कुठे?

तीन ते सहा वर्षांचं मूल अंगणवाडीत घाला, तिथे गरम जेवण मिळतं. त्याहून लहान असेल, तर जवळच्या अंगणवाडीला जोडून सरकारी पाळणाघर आहे का, ते सेविकेला विचारा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत. अर्ध्या कोयत्यावर जाणाऱ्या बापाने पोराला फडात न्यायच्या आधी तिथे चौकशी करावी. आदिवासी आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांना आश्रमशाळा आहेत, मागासवर्गीयांना समाजकल्याणची वसतिगृहं आहेत. मूल वसतिगृहात ठेवणं म्हणजे टाकणं नव्हे. दर सुट्टीला घरी आणा, मधल्या काळात भेटायला जा. मूल अडचणीत असेल तर १०९८ हा क्रमांक रात्रीही चालू असतो.

बाकीच्यांना दोन शब्द

सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडीताई, मास्तर, तुमच्या गावात असा एखादा बाप असेल. तो स्वतःहून येणार नाही. वर्गात एखाद्या पोराचा डबा रोज रिकामा दिसत असेल, तर बापाला बोलवा, बोनाफाईड लगेच लिहून द्या आणि बालसंगोपनचा अर्ज त्याच्याबरोबर बसून भरा. एक दिवस त्याच्यासोबत तालुक्याला गेलात, तर त्याचे चार खाडे वाचतील. शासनाकडेही एक मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायची आहे: प्रायोजकत्वाच्या पात्रतेत विधवा आईशेजारी विधुर बापालाही लिहा. मूल एकच असतं, आई नसली तरी आणि बाप नसला तरी.

आणि बापांनो, सगळं एकदम करायला जाऊ नका. या आठवड्यात मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्ड, पुढच्या आठवड्यात उत्पन्नाचा दाखला, त्यानंतर बालसंगोपनचा अर्ज. रकमा आणि अटी शासन निर्णयाने बदलतात, म्हणून खिडकीवर ताज्या निर्णयाची तारीख विचारून घ्या. अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.