भात कोणी लावला होता?

शिडाच्या नौकेवरील सहलीत भात करपला, आमटी कलंडली, मीठ दोनदा पडले, की आमचा प्रवासवर्णनकार हमखास एक विनोदी परिच्छेद लिहितो. आमचा आक्षेप विनोदाला नाही. त्या विनोदात रांधणारी व्यक्ती नाहीशी होते, याला आहे. नौका कलली तरी भांडे सपाट राहावे म्हणून तिथली शेगडी झुलती बसवलेली असते. तरीही मोठ्या लाटेसरशी उकळते पाणी अंगावर येऊ शकते. पंगतीतल्यांना ती गंमत वाटते. शेगडीपाशी उभ्या असणाऱ्याला नाही.

हे समुद्रापुरतेच नाही. आमच्या वेळापुरात ज्ञानेश्वरांच्या पालखीचा मुक्काम असतो. वारीवरील लेखनात अभंग येतात, पंगती येतात. भर पावसात दिंडीचा स्वयंपाक उरकणाऱ्या बाया क्वचितच येतात. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा स्त्री अधिकाऱ्यांनी 'तारिणी'वरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेथे वेगळा आचारी नव्हता. सुकाणू आणि शेगडी, दोन्ही त्याच हातांत होती. आमच्या प्रवासवर्णनांत मात्र सुकाणू लेखकाच्या हाती आणि शेगडी निनावी!

प्रवासवर्णन शिकवणाऱ्यांनी वर्गात शैलीची चर्चा अवश्य करावी. त्याआधी एवढेच विचारावे: भात कोणी लावला होता?