मिलिंद नावाचा अर्थ



हल्ली नामकरणाच्या कार्यक्रमाला गेले की आईबाप हमखास म्हणतात, "कुणाचेच नसेल असे नाव सुचवा." मोबाईलवरून काढलेली पाच-दहा नावेही पुढे करतात. नावे कानाला गोड असतात, पण अर्थ विचारला की घरातली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. म्हणून आज एका नावाविषयी लिहितो. आपल्या वस्त्यांत एकेकाळी ते दुर्मिळ होते, पुढे घरोघरी झाले. ते नाव मिलिंद.

संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. शब्द जुनाच, पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत वस्तीत मिलिंद शोधून सापडला नसता. तिथे कचरू, धोंडू, दगडू होते. मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून अशी नावे इतर जातींतही ठेवीत, हे खरे. पण मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव तिरस्कार वाटेल असे असावे, असा नियमच घालून दिला आहे. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जी मनुस्मृती जाळली, तिने आपल्या पाळण्यापर्यंत हात पोहोचवला होता.

१९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. हा मिलिंद भुंगा नव्हे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेला ग्रीक राजा मिनँडर, त्यालाच पालीत मिलिंद म्हणतात. भिक्खू नागसेनांना त्याने विचारलेले प्रश्न 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात आहेत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, राहुल, आनंद यांच्या जोडीने मिलिंदही आपल्या पाळण्यात आला. इतर समाजांतही हे नाव आवडीने ठेवले गेले. माझ्या शाळेत एकाच वर्गात तीन मिलिंद होते, तिघे तीन समाजांचे. मास्तर त्यांना आडनावाने हाक मारीत.

आता बालवाडीच्या हजेरीत मिलिंद क्वचितच दिसतो. मागे एका तरुण बापाने मला सरळ सांगितले, "जात कळणार नाही असे नाव पाहिजे." मी त्याला दोष दिला नाही. भाड्याची खोली बघताना, नोकरीच्या मुलाखतीत, नावावरून माणूस जोखला जातो हे आपण सोसलेले आहे. पण नाव झाले की आडनाव विचारतात, आडनाव झाले की गाव विचारतात. पोराने लपवायचे तरी किती? त्यापेक्षा विचारणाऱ्याला मान वर करून अर्थ सांगता येईल, असे नाव त्याच्याजवळ असू द्या.

गंमत म्हणजे मिलिंद आणि नागसेन यांचा पहिला वाद नावावरूनच झाला. राजाने नाव विचारले. नागसेन म्हणाले, मला नागसेन म्हणतात. आईबाप नागसेन, शूरसेन, वीरसेन अशी नावे ठेवतात, पण ती केवळ हाक मारण्यापुरती. राजाला पटेना. तेव्हा त्यांनी राजाच्या रथाकडे बोट दाखवले. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. सगळे भाग जुळून येतात तेव्हाच रथ हा शब्द वापरतात, हे त्याला उमगले. आपण यातून एवढे घ्यावे, की बारशाला नाव ठेवून आपले काम संपत नाही. शाळा, पुस्तके, घरातले वळण, निर्व्यसनी बाप, हे सारे जोडावे लागते.

वेगळेच नाव हवे असेल तर पाली साहित्य उघडा. उपाली हे शाक्यांचे न्हावी होते. पहिल्या संगीतीत विनय त्यांनी सांगितला. सुनीत झाडलोट करून पोट भरत होते. तथागतांनी त्यांना संघात घेतले. ही नावे आजही फार घरांत नाहीत.

आता थोडी कारकुनी. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. नोंदीत नाव घालायचे राहिले असेल तर एक वर्षाच्या आत ते विनाशुल्क घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना यांसाठी जन्मदाखलाच पुरावा धरला जातो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे, शेवटी आडनाव असा क्रम आहे. इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा. एका अक्षरासाठी माणसांना महिनोन्‌महिने खेटे घालताना मी रोज पाहतो.

आणि तुमच्या घरात एखादा मिलिंद असेल, तर तो कोणत्या राजाच्या नावाचा आहे आणि तो राजा काय विचारत होता, हे त्याला जरूर सांगा. जयभीम!