जुन्या संगणकाचा प्रोसेसर बदलण्याआधी

दुकानातील संगणक मंद झाला की दुरुस्ती करणारा पटकन सांगतो, "शेठ, प्रोसेसर बदला, नव्यासारखा होईल." आमच्या पेढीवरही असेच झाले. २०१४ साली घेतलेल्या संगणकात इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-३ होता. त्या जागी जुन्या मालाच्या बाजारातून आणलेला आय-७ बसविला. पैसे मोजले, पण संगणक पूर्वीसारखाच रेंगाळत राहिला. ग्राहक बिलासाठी उभा आणि पडद्यावर चक्र फिरते आहे, हा प्रकार काही थांबला नाही.

चूक प्रोसेसरची नव्हती, निदानाची होती. पॉवरलूमचा धंदा जाणणाऱ्यांना हे लगेच कळेल. कांड्या वेळेवर भरून आल्या नाहीत तर माग बंद राहतो. अशा वेळी मागाला मोठी मोटर लावून एक मीटरही कापड जास्त निघत नाही. संगणकात प्रोसेसर हा माग आहे आणि हार्ड डिस्क ही कांड्या पुरविणारी आहे. फिरत्या तबकडीच्या डिस्कला प्रत्येक नोंद शोधावी लागते, एसएसडीत फिरणारे काहीच नसते. शेवटी आम्ही एसएसडी लावली, रॅम ४ जीबीवरून ८ जीबी केली, तेव्हा कुठे काम सुरळीत झाले.

म्हणून व्यापारी बंधूंनी आधी तपास करावा. काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर २०-३० टक्क्यांवर असेल तर प्रोसेसरवर खर्च करणे व्यर्थ आहे. प्रोसेसरच सतत शंभरावर असेल तर मात्र तो बदलण्याचा विचार करावा.

तेथेही मदरबोर्डची मर्यादा असते. इंटेलची चौथी पिढी ११५० सॉकेटमध्ये बसते, सहावी व सातवी ११५१ मध्ये. आठवीच्या सॉकेटचा आकडाही ११५१ आहे, पण सातवीच्या बोर्डावर ती कंपनीच्या नियमाप्रमाणे चालत नाही. फक्त आकडा पाहून सौदा करणारा येथेच फसतो. शिवाय आय-३ ४१३० हा ५४ वॅटचा, तर आय-७ ४७७० हा ८४ वॅटचा आहे. पंखा आणि थर्मल पेस्ट यांचाही हिशोब धरावा लागतो.

यात आणखी एक मुद्दा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे समर्थन बंद केले. विंडोज ११ च्या मान्य यादीत चौथ्या पिढीचा एकही प्रोसेसर नाही. म्हणजे आय-३ काढून आय-७ घातला तरी ती अडचण सुटत नाही. ज्या संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करतो आणि जीएसटीचे विवरण भरतो, त्याच्या सुरक्षिततेचा हा प्रश्न आहे.

एएमडीच्या एएम-४ बोर्डाची गोष्ट निराळी आहे. २०१७ च्या पहिल्या रायझेनला विंडोज ११ ची मान्यता नाही. पण त्या काळातील अनेक बोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यास ५००० मालिकेचा रायझेन चालतो, आणि तो मान्य यादीत आहे. बायोसचे काम मात्र जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच करावे. आपल्या बोर्डाचे नाव कंपनीच्या यादीत आहे की नाही, तेही आधी पाहावे.

सबब माझे मत असे की, ज्या बोर्डाला पुढे वाट आहे त्यावरच नव्या प्रोसेसरचा खर्च करावा. ज्याची वाट संपली आहे त्याला फार तर एसएसडी लावून घरच्या किरकोळ कामाला ठेवावे, आणि बँकेची व कराची कामे नव्या संगणकावर न्यावीत. आणि संगणक उघडण्यापूर्वी खात्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. यंत्र पुन्हा विकत मिळते, पण उधारीची गेलेली वही मिळत नाही.