झाडाच्या पोटातलं बिऱ्हाड

बालमित्रांनो, बुधवार पेठेतला एखादा जुना वाडा पाहिलाय का? मालक एक, पण बिऱ्हाडं दहा! झाडांचंही तसंच असतं, बरं का. बाहेरून एकच झाड दिसतं, पण त्याच्या पानांत, खोडात, मुळांत बारीक बुरशी बिऱ्हाड थाटून असते. शिळ्या भाकरीवरच्या बुरशीसारखी ती नासधूस करत नाही. झाड तिला आसरा आणि अन्न देतं. ती कित्येकदा कीड-रोगाशी लढायला झाडाला मदत करते.

आता आपल्या सह्याद्रीतलं एक झाड घेऊ. महाबळेश्वर, आंबोलीकडच्या रानात 'नरक्या' नावाचं लहानसं झाड वाढतं. नाव तसाच वास! पण याच्या अंगात कॅम्प्टोथेसिन नावाचं मोलाचं द्रव्य असतं. एका चिनी झाडातून हे द्रव्य वेगळं काढून १९६६ साली ते जगापुढे ठेवलं अमेरिकेतल्या मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. हे वाणी जन्मले कुठे? आपल्या नंदुरबारला! त्या द्रव्यापासून तयार केलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं आज कॅन्सरवर वापरतात.

झालं! मागणी वाढली आणि नरक्यावर कुऱ्हाड पडू लागली. चोरटी तोडही झाली.

इथे बिऱ्हाडकरू पुढे आला. नरक्याच्या आतली एक बुरशी शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाढवली आणि तीसुद्धा कॅम्प्टोथेसिन बनवते, असं २००५ मध्ये जाहीर केलं!

मग आता झाडं तोडायलाच नकोत? थांबा, घाई नको. अशी बुरशी झाडाबाहेर पुन्हापुन्हा वाढवली, की तिच्यातलं द्रव्य कमी होत जातं. असं का? चिनी झाडातल्या बुरशीचा अभ्यास केल्यावर दिसलं, की द्रव्य बनवण्याच्या साखळीतली एक कडी तिच्याकडे नाहीच. ती झाडाकडून उसनी घ्यावी लागते. म्हणजे वाडा सोडला, की बिऱ्हाडाचं अडतं!

उलट बाजूही आहे. आत कुठली बुरशी राहते, यावरही झाडातलं द्रव्य कमी-जास्त होऊ शकतं. माती, पाऊस, झाडाचं वय हेही आहेच. म्हणून एकाच जातीच्या दोन झाडांचा गुण अगदी सारखा असेलच असं नाही. आईबाबांनी काष्ठौषधी घेताना हे ध्यानात ठेवावं, आणि तुम्ही रानातलं अनोळखी पान तोंडात घालू नये.

आता सांगा पाहू, एक नरक्या तोडला तर किती बिऱ्हाडं उठली?