मृत्युपत्रांतील दान

आपल्या प्रांतीं दानाची परंपरा जुनी आहे. जिते, हमरापूर, पेण, कोणत्याही बाजूस जा. पूर्वजांच्या स्मरणार्थ बांधलेली एखादी विहीर वा देवळाची पायरी दृष्टीस पडतेच. अशा दानाचें फळ डोळ्यांना दिसतें. परंतु ज्याचें फळ कधीं व कोणतें येईल हें दात्यासही सांगतां येत नाहीं, असें एक दान आहे. तें म्हणजे वैद्यकीय संशोधनास दिलेलें दान. आमच्या मतें त्याची थोरवी विहिरीहून तिळमात्र कमी नाहीं.

परळ येथील शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालीं रीतसर सुरू झालें. तें पाहण्यास शेठजी हयात नव्हते. त्यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनीं मुंबई म्युनिसिपालिटीस मोठी रक्कम दिली, ती एका अटीवर: शिक्षक लायक हिंदी गृहस्थच असावेत, आणि ते सरकारी नोकरींत नसावेत. त्या काळीं वैद्यकांतील वरच्या जागा बहुधा इंग्रजांच्या हातीं असत. म्हणून ही देणगी जितकी पैशाची, तितकीच विश्वासाची होती.

तो विश्वास फळास आला. आपल्या वैद्यांस पूर्वापार ठाऊक असलेल्या सर्पगंधेच्या मुळीनें रक्तदाब उतरतो, हें के. ई. एम.मधील डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं ५० रुग्णांवर पारखून १९४९ सालीं जगापुढें मांडलें. १९५२ सालीं डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं एक विलक्षण रक्तगट उजेडांत आणिला. ज्यांचा तो असतो, त्यांस 'ओ' गटाचें रक्तही चालत नाहीं. तो आज 'बॉम्बे' गट म्हणून सर्वत्र ओळखला जातो.

कोणी म्हणेल, दारांत रोगी कण्हत असतां प्रयोगशाळेस पैसा कशाला? प्रश्न रास्त आहे. औषध वांटणें हा धर्मच होय. परंतु जें वांटावयाचें, तें आधीं कोणीं तरी शोधावें लागतें. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. घरीं द्रव्याची वाण नव्हती. जगांत उपायच नव्हता. सर दोराबजींनीं १९३२ सालीं त्यांच्या नांवें निधि स्थापून देशोदेशींच्या संशोधकांस त्याच रोगाचा शोध घेण्यास साहाय्य दिलें, आणि त्याच वर्षीं तेही गेले.

पालकहो, प्रत्येकास लाखांचें मृत्युपत्र करतां येणार नाहीं. पण त्या ५० रुग्णांनींही कांहीं दिलेंच होतें, हें विसरूं नये. आणि विद्यार्थ्यांनो, विहीर खणतांना पाणी लागेलच अशी हमी नसते. कोणीं तरी भूमि द्यावी, कोणीं तरी कुदळ उचलावी. भूमि देणारे होऊन गेले. कुदळीस हात तुमचे हवे आहेत.